गुडघ्याखाली स्नायू नाही

घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली आणि मागच्या पायाला हॉक या सांध्याखाली मांस नसते. तिथे हाडे असतात, कंडरा असतात, अस्थिबंध असतात, वर ताणलेली कातडी आणि सर्वांत खाली खूर. शांत स्वभावाचा घोडा जवळ असेल आणि मोतद्दाराची हरकत नसेल, तर पुढच्या पायाच्या नळीवरून हात फिरवून पाहावा. पुढून सरळ हाडच लागते. मागच्या बाजूला बोटांच्या चिमटीत दोन घट्ट कंडरा सापडतात, एक वरची आणि एक तिच्या आतली. त्यांच्या पुढे, हाडाला लगटून, आणखी एक जाड वादी जाणवते. खुराच्या वरचा सांधा, म्हणजे फेटलॉक, तोलून धरणारा अस्थिबंध तो हाच. निरोगी पायात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या हाताला लागतात आणि नळी गार असते. ती कोमट लागली किंवा कंडरांच्या कडा बोटांना स्पष्ट लागल्या नाहीत, की पागेतली जाणती माणसे त्या दिवशी घोडा बाहेर काढत नाहीत.

घोड्याच्या चालीबद्दल जे काही समजून घ्यायचे ते या बिनमांसाच्या नळीपासून सुरू होते. वाकडा दगड पायाखाली आला तर माणूस घोट्यात पाय वळवून सावरतो, मांजर पंजा फिरवते, कुत्रा बोटे फाकवतो. घोड्याला खुराजवळ यातले काही करता येत नाही. त्याचे पाय हलवणारे स्नायू खांद्यात, दंडात, पुठ्ठ्यात आणि मांडीत आहेत. खाली पोचतात त्या फक्त त्यांच्या लांब कंडरा. शिवाय खालचे सांधे मुख्यतः एकाच पातळीत दुमडतात आणि उलगडतात. दाराची बिजागरी ज्या दिशेला तोंड करून ठोकली असेल त्याच दिशेला दार उघडते, तसे हे सांधे ज्या दिशेला तोंड करून बसले असतील त्याच दिशेला पाय दुमडतो. खूर हवेतून कोणत्या वाटेने पुढे जाईल हे त्यामुळे हाडांच्या कोनांनी ठरते. शिकवून, चुचकारून किंवा चाबूक दाखवून ती वाट बदलत नाही. म्हणूनच उभ्या घोड्याचे पाय नीट पाहता आले, तर तो कसा चालेल आणि पुढेमागे त्याला कुठे दुखेल, हे बरेचसे आधीच सांगता येते.

निसर्गाने पाय असा का घडवला, याचे उत्तर वेगात आहे. घोड्याच्या पूर्वजांना पायाला अनेक बोटे होती. कोट्यवधी वर्षांत बाजूची बोटे आटत गेली आणि मधले एकच उरले. आजचा घोडा त्या एका बोटाच्या टोकावर, नखाच्या आधाराने, उभा असतो. आपण ज्याला त्याचा गुडघा म्हणतो तो रचनेने मनगटाचा सांधा आणि हॉक म्हणजे घोटा. नळीच्या दोन्ही अंगांना चिकटलेली काडीसारखी हाडे हे बाजूच्या बोटांचे अवशेष. पाय टोकाकडे जितका हलका, तितके तो पुढे फेकायला कमी बळ लागते. भरधाव सुटलेला शर्यतीचा घोडा प्रत्येक पाय सेकंदातून दोनहून अधिक वेळा पुढे आणतो, आणि हे केवळ स्नायूंच्या जोरावर साधणारे नाही. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधल्या ॲलन विल्सन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की, खूर जमिनीवर टेकलेला असताना दंडातल्या स्नायूमधली कंडरा ताणली जाते आणि खूर सुटताच ती साठलेली ऊर्जा पाय पुढे भिरकावते.

या हलकेपणाची किंमत मात्र घोडा मोजतो. उभ्या घोड्याच्या वजनाचा जवळजवळ साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. पुढच्या पायांना धडाशी जोडणारे हाड नाही. माणसाला असते तशी गळपट्टीची हाडे घोड्याला नसतात आणि त्याचे धड दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते. दौडीत एकेक पुढचा पाय जेव्हा एकट्याने भार झेलतो, तेव्हा त्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट जोर येतो. पाचशे किलोच्या घोड्याच्या बाबतीत हा जोर साडेबाराशे किलोच्या आसपास जातो, आणि तो झेलायला मिळतो सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. त्या क्षणी फेटलॉक खाली दबून जमिनीच्या अगदी जवळ येतो आणि नळीमागची वरची कंडरा आपल्या लांबीच्या सोळा टक्क्यांपर्यंत ताणली गेल्याचे मोजमापांत आढळले आहे. याच्या थोडे पुढे गेले की तिचे तंतू तुटू लागतात. शर्यतीचा घोडा तुटण्याच्या इतक्या जवळ रोज काम करत असतो. अशा पायात एखादा सांधा दोन-तीन अंशांनी कलता असेल, तर तेवढा कल प्रत्येक टापेला त्याच जागी ताण टाकतो.

आता घोड्यासमोर उभे राहू या. तो सपाट, कठीण जमिनीवर चारही पायांवर सारखा भार घेऊन उभा हवा. विक्रीची छायाचित्रे बहुतेकदा हिरवळीवर काढलेली असतात आणि गवतात नेमके खूर झाकले जातात, हे लक्षात ठेवावे. खांद्याच्या पुढच्या टोकापासून मनातल्या मनात ओळंबा सोडायचा. तो गुडघ्याच्या, नळीच्या, फेटलॉकच्या आणि खुराच्या बरोबर मधून गेला तर पाय समोरून सरळ. सगळे वजन हाडांच्या मध्यातून खाली उतरते आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना भार सारखा वाटला जातो.

खुराचे टोक बाहेर वळले असेल, म्हणजे घोडा फेंगडा असेल, तर दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे चालताना खूर टोकाच्या मधून न उलटता आतल्या कोपऱ्यावरून उलटतो. दुसरे असे की पाय वरपासूनच बाहेर वळलेला असेल, तर गुडघ्याचे तोंडही बाहेर असते. असा गुडघा दुमडला की खालचा पाय मागे आणि आतल्या बाजूला जातो. खूर हवेत आत वळणारी कमान काढतो आणि पुढे येता येता उभ्या असलेल्या दुसऱ्या पायाला घासू शकतो. फेटलॉकच्या आतल्या बाजूचे केस झिजलेले किंवा तिथे जुनी खपली दिसली, तर हेच घडत असते. दमल्यावर ही घासण वाढते, कारण दमलेला घोडा पाय नेहमीएवढा उचलत नाही.

खुराची टोके आत वळलेली असली तर कमान उलट्या बाजूची. खूर बाहेरच्या कोपऱ्यावरून उलटतो आणि बाहेर फेकल्यासारखा फिरून परत आत येतो. पाहणाऱ्याला ही चाल जास्त बेढब वाटते, पण दुसऱ्या पायाला धक्का लागत नाही म्हणून ती घोड्याला तुलनेने कमी धोक्याची. माझ्या मते खरेदीदार या दोन दोषांना नेमके उलटे वजन देतात. आत वळलेल्या पायांचा घोडा चालताना हसू येते म्हणून टाकतात, आणि किंचित फेंगडा घोडा उभा असताना ऐटदार दिसतो म्हणून घेतात.

नालबंदाला हे सगळे घोडा न चालवताही कळते. जुना नाल उपसून तो हातात उलटा धरतो आणि कुठली कड झिजली ते पाहतो. टोकाच्या आतल्या बाजूला लोखंड पातळ झाले असेल तर घोडा फेंगडा, बाहेरच्या बाजूला झिजले असेल तर आत वळलेला. एका टाचेची कड दुसरीपेक्षा खाली गेलेली असेल तर खूर सपाट न पडता आधी त्या बाजूवर आपटतो. खुराची भिंतही तेच सांगते. जास्त मार खाणारी बाजू उभी आणि दाबलेली होते, दुसरी बाजू पसरत जाते. चांगला नालबंद पाय उचलण्याआधी घोड्याला दहा पावले चालवून पाहतो, आणि जुना नाल पाहिल्याशिवाय नवा घडवत नाही.

खुराची दिशा ठीक असूनही नळी गुडघ्याच्या मधोमध न बसता बाहेरच्या बाजूला सरकलेली असू शकते. हा दोष घाईत नजरेतून सुटतो. गुडघ्याचे हाड जागेवर, नळीचे हाड जागेवर, पण एकाखाली दुसरे नेमके नाही. मग वजनाचा मोठा वाटा नळीच्या आतल्या बाजूच्या त्या काडीसारख्या हाडावर पडतो आणि तरुण घोड्याच्या नळीला आतून कठीण गाठ येते. गाठ आली म्हणजे घोडा संपला असे नाही. काही आठवड्यांच्या विश्रांतीनंतर बहुतेकदा ती दुखायची थांबते. दिसत मात्र जन्मभर राहते.

आता बाजूला येऊन उभे राहू. इथे पहिला प्रश्न गुडघ्याचा. काही घोड्यांचा गुडघा किंचित पुढे आलेला असतो. पाय पूर्ण सरळ झालाच नाही असे वाटते. काहींचा गुडघा उलट मागे गेलेला असतो आणि बाजूने पाहता पुढच्या पायाला गुडघ्याशी आत बाक दिसतो. नवशिक्याला पुढे आलेला गुडघा घाबरवतो, कारण घोडा आता कोसळेल की काय असे वाटते. जाणकाराला मागे गेलेला गुडघा घाबरवतो. कारण असे की, दौडीच्या शेवटी थकव्याने पाय लुळा पडू लागला की गुडघा आपोआपच मागे ढकलला जातो. तो आधीच मागे असेल तर गुडघ्यातल्या छोट्या हाडांच्या पुढच्या कडा एकमेकींवर आपटतात आणि त्यांचे तुकडे निघतात. सावकाश फेरफटक्याच्या घोड्याला असा गुडघा आयुष्यभर त्रास देणार नाही. शर्यतीच्या घोड्याला मात्र तो पहिल्या हंगामातच लंगडा करू शकतो. पुढे आलेल्या गुडघ्याचे, तो जन्मजात आणि थोडासा असेल तर, वाईट फारसे होत नाही. तो पाय थरथरत असेल तर गोष्ट वेगळी.

यानंतर पास्टर्न, म्हणजे फेटलॉक आणि खूर यांच्यामधला तिरपा भाग. घोड्याच्या पायातला मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग हा आहे, कारण इथे एकच एक योग्य उत्तर नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफोनने अश्वारोहणावर लिहिलेल्या ग्रंथात घोडा पारखताना सुरुवात पायांपासून केली आणि पास्टर्न फार उभा नको, फार निजलेलाही नको, असे सांगितले. जवळजवळ चोवीसशे वर्षांनंतरही या सल्ल्यात चूक काढता येत नाही. पास्टर्न लांब आणि तिरपा असेल तर फेटलॉक जास्त खाली दबतो, जमिनीचा धक्का मऊ होऊन वर पोचतो आणि स्वाराला बसणे सुखाचे होते. दुडकीत अशा घोड्यावर पाठ ठणकत नाही. पण जितका फेटलॉक खाली जाईल तितके त्यामागच्या कंडरांना आणि अस्थिबंधाला ताणावे लागते. पास्टर्न आखूड आणि उभा असेल तर कंडरांना आराम, मात्र धक्का हाडांवर आणि सांध्यांवर येतो. पाऊल आखूड आणि ठोकर मारल्यासारखे पडते, स्वाराला प्रत्येक टाप जाणवते, आणि वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी पास्टर्नच्या सांध्याभोवती हाड वाढू लागते किंवा खुरातले नावेच्या आकाराचे छोटे हाड दुखू लागते. स्वाराला जे सुख देते ते घोड्याच्या कंडरांच्या खर्चाने मिळत असते. घोडा विकत घेणाऱ्याने कोणता खर्च परवडेल ते आधी ठरवावे.

खांद्याचा कल साधारणपणे पास्टर्नच्या कलाशी जुळतो. लांब आणि मागे कललेला खांदा पाय पुढे दूरवर टाकू देतो. उभा खांदा पाऊल आखडतो, पण ओझे ओढणाऱ्या घोड्याच्या गळ्यातला पट्टा त्यावर चांगला बसतो. गाडीच्या घोड्याला शर्यतीच्या मापाने नावे ठेवण्यात अर्थ नाही.

मागच्या पायांचे काम वेगळे आहे. पुढचे पाय भार झेलतात, मागचे शरीर पुढे ढकलतात. मागच्या पायातली रचना अशी आहे की मांडीखालचा सांधा वाकला की हॉकला वाकावेच लागते. दोन्ही मिळून उघडतात, मिळून मिटतात. त्यामुळे एका सांध्याचा कोन बिघडला की दुसऱ्याचाही बिघडतो. बाजूने पाहताना पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापासून सोडलेला ओळंबा हॉकच्या टोकाला स्पर्श करून नळीच्या मागच्या कडेने खाली उतरायला हवा.

हॉक जास्त वाकलेला असेल तर नळी खाली पुढे झुकते आणि विळ्यासारखा बाक दिसतो. असा पाय शरीराखाली सहज जातो पण मागे पूर्ण उलगडत नाही, म्हणून शेवटच्या ढकलण्यातला जोर कमी पडतो आणि हॉकच्या मागचा अस्थिबंध ताणून सुजतो. अमेरिकेत गुरे वळवणाऱ्या, जागच्या जागी बसकण मारून थांबणाऱ्या घोड्यांत थोडा असा बाक लोक चालवून घेतात. उडी आणि ड्रेसाजसाठी नाही. स्वीडनमध्ये १९९० च्या सुमारास होल्मस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी शेकडो घोड्यांची मापे घेतली, तेव्हा वरच्या दर्जाच्या क्रीडा घोड्यांत हॉकचा कोन मोठा, म्हणजे पाय अधिक उघडा, असल्याचे दिसले. कोन फारच मोठा असला, मागचा पाय खांबासारखा सरळ असला, तर मात्र वेगळी दुखणी येतात. मांडीखालच्या सांध्यावरची वाटी मध्येच अडकते आणि पाय मागे ताठ राहतो. फेटलॉकचा अस्थिबंधही अशा पायात लवकर थकतो.

मागून पाहता हॉक एकमेकांकडे झुकलेले आणि खूर बाहेर वळलेले दिसले की लोक लगेच गाईसारखे पाय म्हणून नाक मुरडतात. थोडे असे वळण असायलाच हवे. पोट रुंद असते आणि धावताना मांडीखालचा सांधा पोटाच्या बाजूने पुढे जाणार असतो. त्याला वाट मिळावी म्हणून मागचे खूर किंचित बाहेर वळलेले असतात. नळ्या एकमेकींना समांतर असतील तर चिंता नको. हॉक जवळ आणि खूर दूर असे तिरपे झाले असेल तरच चिंता करावी.

हे सारे जन्मतःच ठरते का? पुरते नाही. शिंगरू जन्मते ते अरुंद छातीचे, लांबलचक पायांचे. त्याचे गुडघे थोडे आत झुकलेले आणि खूर थोडे बाहेर वळलेले असणे स्वाभाविक आहे. छाती भरत जाते, कोपर बाहेर ढकलले जातात आणि पाय आपोआप आत वळून सरळ होतात. तीन महिन्यांच्या शिंगराचे पाय समोरून अगदी सरळ असतील तर ते वयात आल्यावर आत वळलेले निघण्याची शक्यता असते. हे न कळल्यामुळे कितीतरी चांगली शिंगरे नाकारली जातात आणि सरळ दिसणारी चढ्या भावाने उचलली जातात.

जे पाय खरोखर वाकडे आहेत त्यांच्यासाठी वेळ फार थोडा असतो. हाड लांबीने वाढते ते टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्टीतून. फेटलॉकच्या वरची पट्टी पहिल्या दोन-तीन महिन्यांतच आपले काम जवळजवळ उरकते. गुडघ्याच्या वरची दोन वर्षांहून अधिक काळ उघडी राहते, पण तिचाही जोर पहिल्या काही महिन्यांत. तेवढ्या मुदतीत खुराची एक बाजू तासून, हालचाल मर्यादित ठेवून, किंवा पट्टीच्या एका बाजूला स्क्रू बसवून तिकडची वाढ काही काळ रोखून पाय सरळ करता येतो. तीव्र वाकडेपणात ही शस्त्रक्रिया शिंगराला वेदनेपासून वाचवते, तिला विरोध करण्याचे कारण नाही. विरोध आहे तो लिलावात चांगला भाव यावा म्हणून दोन-तीन अंशांच्या वळणावर ती करण्याला. पाय सरळ होतो, बीज तेच राहते. अशा घोड्याची किंवा घोडीची संतती पुन्हा वाकडी जन्मू शकते आणि विकत घेणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो.

शिवाय थोडे वळण वाईटच असते हेही खरे नाही. वेन मॅकिलरेथ हे अमेरिकेतले घोड्यांच्या सांध्यांचे नामवंत शल्यचिकित्सक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांच्या पायांची मापे घेतली, त्यांच्या दुखापती नोंदवल्या आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुडघ्याशी किंचित आत झुकलेल्या पायांत गुडघ्याच्या सुजेचे आणि अस्थिभंगाचे प्रमाण कमी निघाले. लांब पास्टर्नच्या घोड्यांत मात्र पुढच्या पायाच्या अस्थिभंगाचा धोका वाढलेला होता. म्हणजे शिंगराच्या गुडघ्यातले जे थोडेसे वळण काढण्यासाठी माणूस पैसे खर्च करतो, ते कदाचित त्याच्या गुडघ्याचे रक्षण करत असते.

वाकड्या पायांच्या थोर घोड्यांच्या कथा इथे हटकून सांगितल्या जातात. सिॲटल स्लू हा १९७५ मध्ये केंटकीतल्या लिलावात साडेसतरा हजार डॉलरला गेला. त्याचा पुढचा उजवा पाय बाहेर वळलेला होता. त्याला पसंत करणारे जिम हिल स्वतः पशुवैद्य होते, म्हणजे पाय वाकडा आहे हे दिसूनही त्यांनी बाकीचा घोडा पाहिला. १९७७ मध्ये तो एकही शर्यत न हरता ट्रिपल क्राउन, म्हणजे मानाच्या तीन शर्यतींचा किताब, जिंकला. सीबिस्किट त्याच्या आधीचा, १९३३ चा जन्म. बुटका, गुडघे जाडजूड आणि कधी पुरते सरळ न होणारे, धावताना पुढचा पाय बाजूला भिरकावणारा. १ नोव्हेंबर १९३८ रोजी पिमलिकोच्या शर्यतीत त्याने वॉर ॲडमिरल या घोड्याला घोड्याच्या चार लांबींनी हरवले. पुढच्या वर्षी त्याच्या पुढच्या पायाचा, फेटलॉक तोलणारा तोच अस्थिबंध दुखावला. सुटी घेऊन तो परतला आणि मार्च १९४० मध्ये सांता अनिता हँडिकॅप जिंकला.

या कथा खऱ्या आहेत, मलाही आवडतात, पण त्या पुरावा म्हणून वापरू नयेत. आपल्याला आठवतात ते जिंकलेले वाकडे घोडे. तसल्याच पायांचे जे घोडे दोन वर्षांच्या वयात लंगडून पागेबाहेर गेले त्यांची नावे कुणी ठेवली नाहीत. सरळ पाय जिंकून देतात असेही नाही. अठराव्या शतकातला इंग्लंडचा अजिंक्य घोडा एक्लिप्स १७८९ मध्ये मेला. फ्रेंच पशुवैद्य सेंबेल यांनी त्याच्या शरीराची बारकाईने मापे घेतली, कारण त्याच्या वेगाचे गणित त्या मापांत सापडेल अशी त्यांची आशा होती. त्याचा सांगाडा आजही रॉयल व्हेटरनरी कॉलेजात आहे. आधुनिक संशोधकांनी त्याची हाडे पुन्हा तपासली तेव्हा मापे सरासरीच्या आसपासची निघाली. सरासरी, आणि सर्व बाजूंनी एकमेकांशी जुळलेली. चांगल्या पायाने वेग येत नाही. हृदयाने, फुफ्फुसांनी आणि स्नायूंनी दिलेला वेग दुखापतीविना वर्षानुवर्षे वापरता येतो, एवढेच चांगल्या पायाचे काम, आणि ते थोडे नाही.

चालीतले सगळेच पायात असते असेही नाही. पावलांचा क्रम मज्जारज्जूतल्या पेशी ठरवतात. २०१२ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञांच्या गटाने दाखवले की, आइसलँडच्या घोड्यांची न हिंदकळणारी वेगवान चाल एका जनुकातल्या बदलाशी निगडित आहे. पाय कसाही असला तरी तो बदल नसेल तर ती चाल उतरत नाही. आपल्याकडे मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या रेवाल चालीचे वेड असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पाय कुठल्या क्रमाने पडतील ते वेगळे, आणि एकेक पाय हवेतून कसा जाईल ते वेगळे.

नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला, तापीच्या काठी, दत्तजयंतीच्या सुमाराला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे घोडा पारखणारे आधी रंग पाहतात, मग कान, उंची, चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी आहे का, गळ्याखाली देवमण नावाचा भोवरा आहे का, केसांची गोम कुठे कशी वळली आहे. ही पारख आपल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी. पण भोवरा घोड्याला लंगडा करत नाही आणि मागे गेलेला गुडघा करतो. भीमथडीच्या ज्या तट्टांवर मराठ्यांचे घोडदळ दख्खनच्या दगडधोंड्यांतून दौडत गेले, त्या तट्टांची कीर्ती रूपाची नव्हती. ती पायांच्या आणि खुरांच्या चिवटपणाची होती.

बाजारात पाय पाहायचे तर एवढे करावे. घोडा नाचवून दाखवू लागले की थांबवायला सांगावे, कारण उड्या मारणाऱ्या घोड्याचा दोष दिसत नाही. मोतद्दाराला दोर सैल सोडून घोडा कठीण जमिनीवर कदमचालीने सरळ आपल्याकडे आणायला लावावा, मग पाठमोरा न्यायला लावावा. येताना फक्त पुढचे खूर पाहावेत, जाताना फक्त हॉक. नंतर बाजूने दुडकीत चालवावे आणि डोळे मिटून टापा ऐकाव्यात. दुडकीच्या दोन टापांत एक जड, एक हलकी असे ऐकू आले तर घोडा कुठला तरी पाय वाचवत आहे. डोके पाहावे. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घेतो. शेवटी काम कोणते आहे ते स्वतःला विचारावे. माथेरानच्या चढउतारावर माणूस घेऊन पावला-पावलाने चालणाऱ्या घोड्याच्या कंडरा कधीच दौडीइतक्या ताणल्या जात नाहीत, त्यामुळे त्याच्या पास्टर्नची लांबी तितकी घातक नाही. त्याला हवेत भक्कम गुडघे आणि कठीण खूर, कारण उतारावर भार आणखी पुढे येतो. महालक्ष्मीच्या मैदानावर धावणाऱ्याचा हिशेब पूर्ण निराळा.

आणि घोडा घरी आणल्यानंतर नालबंदाला त्याचे पाय सरळ करायला सांगू नये. शिंगराच्या बाबतीत जे शक्य होते ते मोठ्या घोड्यात शक्य नसते, वाढीच्या पट्ट्या मिटलेल्या असतात. फेंगड्या पायाची बाहेरची भिंत तासून खूर समोर वळवला तर दिसायला पाय सुधारतो, पण वरची हाडे होती तिथेच असतात, आणि मधल्या सांध्यांना प्रत्येक पावलागणिक पीळ बसतो. वाकड्या पायाचा खूर त्या पायाच्या मानाने समतोल तासायचा असतो, तो सपाट पडेल आणि त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यावरून सहज उलटेल असा. कामाच्या घोड्याचे खूर दर पाच-सहा आठवड्यांनी पाहावेत. लांबलेल्या खुराने चांगला पायही महिन्या-दोन महिन्यांत वाकड्यासारखा चालू लागतो, आणि असा वाकडेपणा तासणीने खरोखर बरा होतो.